हेडसरांची सेवापूर्ती : खानापूर तालुक्यातल्या एका शाळेचं प्रकरण

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, विट्याहून एसटीनं जाता येईल अशा एका गावातली ही माध्यमिक शाळा. पाचवी ते दहावी, अनुदानित, आणि संस्थेची ही एकच शाळा. गाव, शाळा आणि माणसं यांची नावं इथं दिलेली नाहीत. मी या शाळेचा माजी विद्यार्थी आणि आता इथलाच शिक्षक. हेडसरांच्या सेवापूर्तीच्या सत्काराच्या संयोजन समितीत होतो, त्यामुळं जे लिहितोय ते जवळून पाहिलेलं आहे.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 साली तिचं ठाणं साताऱ्याला नेलं. त्यांचं काम बघून पुढं या पट्ट्यातल्या अनेक गावांनी आपापल्या संस्था काढल्या. आमची त्यातलीच एक. मोठ्या संस्थेत शिक्षकाची बदली होत राहते. एका शाळेच्या संस्थेत माणूस लागला की तिथंच निवृत्त होतो. आमचे हेडसर बी.एड. करून गणिताचे शिक्षक म्हणून आले, पर्यवेक्षक झाले, मुख्याध्यापक झाले. शाळेत आता त्यांच्या विद्यार्थ्यांची मुलं शिकतात.

सरांचं मोठेपण समजायचं तर आमचा भाग समजून घ्यावा लागतो. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी यायच्या आधी हा सगळा कोरडवाहू मुलूख. पोटासाठी खानापूर-आटपाडीची माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पांगली. जुन्या दागिन्यांचं सोनं-चांदी भट्टीत गाळून शुद्ध करायचं, ते गलाईचं काम. केरळ, तमिळनाडू, बंगाल, पंजाब, कुठंही सराफ बाजारात जा, आमच्याकडचं माणूस भेटतं. याची दुसरी बाजू अशी की आठवी-नववीतली पोरं मामाच्या, चुलत्याच्या दुकानात हाताखाली जायची आणि शाळा सुटायची.

सरांनी अशा पोरांची वही ठेवली. नाव, घरचा पत्ता, कोणत्या शहरात कुणाच्या दुकानात आहे, तिथला फोन. बोर्डाची मुदत जाहीर झाली की त्या पोरांचा सतरा नंबरचा फॉर्म भरायचा, म्हणजे खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसवायचं. दाखला शाळेतच पडून असायचा, तो सर स्वतः काढून फॉर्मला जोडायचे. मग दिवाळीला आलेल्या पोराला चार दिवस बसवून बीजगणित, आणि मार्चमध्ये मालकाला फोन करून परीक्षेपुरती सुट्टी. त्यांच्याकडं अशा सात वह्या आहेत. गावात बंगला बांधलेल्या कितीतरी जणांचं दहावीचं मार्कलिस्ट त्या वह्यांमुळं आहे.

दुसरी गोष्ट मुलींची. वाड्यावस्त्यांवरच्या मुलींना एसटीचा मोफत पास होता, पण संध्याकाळची गाडी शाळा सुटायच्या आधीच निघून जायची. सरांनी आगारात खेटे घालून ती गाडी उशिरा करून घेतली आणि नंतर वर्षानुवर्षं, शेवटची मुलगी गाडीत चढेपर्यंत ते स्टँडवर उभे राहायचे.

प्रश्न

सरांची कागदोपत्री जन्मतारीख 1 जून. त्या पिढीतल्या आमच्याकडच्या कितीतरी जणांची तीच आहे. शाळा जूनमध्ये उघडायची, घरच्यांना तारीख सांगता यायची नाही, मग गुरुजी 1 जून लिहायचे. आमच्यासारख्या शाळांत निवृत्तीचं वय 58, आणि जन्म महिन्याच्या पहिल्या तारखेचा असला तर सेवा आदल्या दिवशी संपते. म्हणजे 31 मे. भर उन्हाळ्याची सुट्टी, शाळेत एकही विद्यार्थी नाही.

तारखेचा प्रश्न हा असा. त्याच्या जोडीला भेट काय द्यायची आणि व्यासपीठावर कोण बसणार, हे दोन प्रश्न. आणि सगळ्यांत अवघड म्हणजे सरांनाच काही नको होतं. पर्यवेक्षक बाई आणि माजी विद्यार्थ्यांतले दोघं त्यांच्या घरी गेले, तेव्हा सर एवढंच म्हणाले, "अरे, पगार घेतलाय मी दर महिन्याला. सत्कार कशाचा?"

पहिला निर्णय : नकाराचं काय करायचं

इथं समितीत सरळ दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, सर नाही म्हणणारच, आपण न सांगता तयारी करू आणि त्या दिवशी घरातून उचलून आणू. दुसऱ्या बाजूचं, नको म्हणतात तर एक शाल-श्रीफळ देऊन स्टाफरूममध्ये आटपून टाकू.

मला दोन्ही पटत नव्हतं. न सांगता केलेला सत्कार करणाऱ्यांच्या हौसेचा होतो. आणि शेकडो माजी विद्यार्थ्यांना कृतज्ञता व्यक्त करायची जागाच न देणं, हाही अन्यायच. वाट काढली ती पर्यवेक्षक बाईंनी. त्या पुन्हा गेल्या आणि त्यांनी प्रश्न फिरवला : "सर, काय हवं ते विचारत नाही. काय नको तेवढं सांगा."

मग सर बोलले. शाळेतल्या मुलांकडून किंवा त्यांच्या पालकांकडून एक रुपया घ्यायचा नाही. उघड्या जीपमधून मिरवणूक नको. स्टँडवर माझ्या फोटोचा डिजिटल बोर्ड नको. सोनं नको. आणि भाषणांत माझ्या घरच्या गरिबीची गोष्ट सांगू नका, माझ्या आईला ते आवडायचं नाही.

बाईंनी ते पाच मुद्दे तिथंच वहीच्या पानावर लिहून घेतले, आणि पुढच्या प्रत्येक बैठकीत ते पान टेबलावर असायचं. वाद झाला की पान वाचायचं. या सबंध प्रकरणातला सगळ्यांत उपयोगी कागद तोच, असं मी म्हणेन. नको ते माणूस मोकळेपणानं सांगतो. हवं ते विचारलं की संकोचानं गप्प बसतो.

दुसरा निर्णय : सेवापुस्तिका

खरं तर हे काम सत्काराच्या यादीत कुणी धरतच नाही. आमच्या भाऊसाहेबांनी, म्हणजे शाळेच्या लिपिकांनी, ते धरलं.

सरांची नेमणूक 1 नोव्हेंबर 2005 च्या आधीची, त्यामुळं त्यांना जुनी पेन्शन लागू. 1982 च्या निवृत्तिवेतन नियमांप्रमाणं कागदपत्रांची तयारी दोन वर्षं आधी सुरू व्हायला हवी आणि निवृत्तीच्या सहा महिने आधी प्रस्ताव महालेखापाल कार्यालयाकडं रवाना व्हायला हवा. प्रत्यक्षात कितीतरी शिक्षक निवृत्तीनंतर महिनोन्‌महिने शिक्षणाधिकारी कार्यालय आणि वेतन पथक (पगाराची बिलं बघणारं कार्यालय) यांच्या पायऱ्या झिजवतात. बहुतेक वेळा अडतं ते जुन्या कागदावर. इतरांची प्रकरणं रात्री बसून करणारा मुख्याध्यापक स्वतःच्या फाइलकडं शेवटी बघतो, हेही पाहिलेलं आहे.

भाऊसाहेबांनी सेवापुस्तिका, म्हणजे नोकरीच्या नोंदींचं पुस्तक, तपासली तेव्हा सुरुवातीच्या वर्षांतल्या वैयक्तिक मान्यतेच्या, म्हणजे नेमणुकीला शिक्षण खात्यानं दिलेल्या मंजुरीच्या, पत्राचा नुसता उल्लेख सापडला, पत्र नाही. ते मिळाल्याशिवाय तेवढ्या काळातली सेवा धरली जाण्यात अडचण आली असती. शाळेचं दप्तर पालथं घातलं. शेवटी संस्थेच्या पहिल्या सचिवांच्या वाड्यात, माळ्यावरच्या लोखंडी पेटीत कार्बन प्रत मिळाली. टाचणीचा गंज कागदाला लागून कोपऱ्यात भोक पडलेलं, पण जावक क्रमांक, तारीख आणि गोल शिक्का स्वच्छ वाचता येत होता. त्यावरून कार्यालयाकडून साक्षांकित प्रत घेतली. वेतन पडताळणीच्या राहिलेल्या सह्या घेतल्या, वारसाच्या नामनिर्देशनात काकूंच्या, म्हणजे सरांच्या पत्नींच्या, नावाचं स्पेलिंग आणि आधार कार्डावरचं स्पेलिंग जुळवून घेतलं, आणि प्रस्ताव मुदतीत गेला.

या कामात भाऊसाहेबांचे दोन-तीन महिने मोडले. समितीतल्या एकानं विचारलंही, की सत्काराच्या बैठकीत हे कशाला? बाईंनी उत्तर दिलं : जून महिना संपताना सरांच्या खात्यावर पेन्शन आली नाही, तर आपण घातलेल्या फेट्याला काय किंमत?

तिसरा निर्णय : तारीख

पर्याय चार होते. फेब्रुवारीत स्नेहसंमेलनाला जोडून उरकणं, पण तेव्हा दहावीच्या परीक्षेचा ताण, आणि चार महिने आधीच निरोप देणं विचित्र. प्रत्यक्ष 31 मे, पण मुलं नाहीत. जूनमध्ये शाळा उघडल्यावर, पण तोवर सर बाहेरचे झालेले आणि पेरणीची घाई. आणि गावची यात्रा, कारण गलाईवाले तेव्हा हमखास गावी येतात. त्या वर्षी यात्रा मात्र अक्षय तृतीयेच्या तोंडावर होती. सराफ पेठेत त्या सणाला धंद्याची गर्दी, त्यामुळं दुकानदार यात्रेला येऊन दुसऱ्या दिवशी परतणार, हे माजी विद्यार्थ्यांनीच सांगितलं.

शेवटी एकाच कार्यक्रमाचा आग्रह सोडला. विद्यार्थ्यांचा कार्यक्रम 1 मे रोजी, महाराष्ट्र दिनाचं ध्वजवंदन झाल्यावर. त्या दिवशी निकाल घ्यायला मुलं येतातच आणि पालकही असतात. माजी विद्यार्थ्यांचा कार्यक्रम अक्षय तृतीया झाल्यावर, लग्नाची दाट तिथी नसलेली संध्याकाळ बघून. 31 मे रोजी फक्त कार्यभाराची देवघेव आणि चहा. तीन दिवस सांभाळायचे म्हणजे त्रास जास्त, पण प्रत्येक दिवसाला त्याची माणसं मिळाली.

चौथा निर्णय : सोनं की निधी

गलाईवाल्या माजी विद्यार्थ्यांनी सरांना पाच तोळ्यांचं कडं द्यायचं ठरवलं होतं. त्यांच्या बाजूनं हे अगदी साहजिक होतं. ज्या माणसाचं आयुष्य सोन्यात जातं, त्याला मनापासून द्यायचं तर तो सोनंच देणार. बाईंच्या पानावर "सोनं नको" लिहिलेलं होतं, तरी काहींनी धरून ठेवलं. कोचीन भागात दुकान असलेला एकजण फोनवर म्हणाला, "बाई, सरांनी माझा फॉर्म भरला तवा फीचे पैसं त्यांनीच घातलं हुतं. ते मी कसं फेडू?"

त्याच्या या वाक्यातच उत्तर होतं. सर ज्या पोरांचे फॉर्म भरायचे, त्यांच्यापैकी अनेकांची फी स्वतः भरायचे, हे बऱ्याच जणांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. मग प्रस्ताव आला की सतरा नंबरच्या फॉर्मसाठी कायम निधी करायचा. मूळ रकमेला हात लावायचा नाही, व्याजातून फी, पुस्तकं आणि परीक्षेला येण्याजाण्याचा खर्च. निधीला सरांचं नाव द्यायला ते तयार होईनात. त्यावर फार ओढाताण न करता "दहावी पूर्ण निधी" असं साधं नाव ठेवलं.

पैसे गोळा कसे करायचे, यावर मात्र थांबून विचार करावा लागला. सुरुवातीला एका उत्साही माजी विद्यार्थ्याच्या फोनपेवर पैसे यायला लागले होते. माणूस सचोटीचा, पण आठवडाभरातच ग्रुपवर विचारणा झाली की एकूण किती जमले. गावात अशा एका प्रश्नावरून माणसं तुटतात. म्हणून ते थांबवलं, जमलेली रक्कम यादीसकट संस्थेच्या बँक खात्यात वर्ग केली आणि पुढं प्रत्येकाला संस्थेची पावती दिली. संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणीकृत आहे, तिचे हिशेब दरवर्षी तपासले जातात, त्यामुळं निधीला आपोआप शिस्त आली. संस्थेनं ठराव करून रक्कम याच कारणासाठी राखीव ठेवली. जेवण, मांडव, साउंड यांचा खर्च निधीतून करायचा नाही, तो शिक्षकांनी आणि समितीनं वेगळी वर्गणी काढून भागवला. रक्कम पाच लाखांच्या घरात गेली.

पाचवा निर्णय : व्यासपीठ

गावात दोन गट. दोन्हींचे नेते सरांचा आदर करणारे, आणि दोघांनाही प्रमुख पाहुणा आपल्या बाजूचा हवा. दोन्ही बाजूंचे दोन पाहुणे बोलवायचे, असा एक पर्याय होता. पण मग बोलायचा क्रम, बोर्डावरचा फोटो, हार आधी कुणाला, इथंच कार्यक्रम अडकला असता. समितीनं ठरवलं की अध्यक्षस्थानी संस्थेचे अध्यक्ष, व्यासपीठावर सर आणि काकू, बाकी प्रमुख पाहुणा नाही. नेत्यांना घरी जाऊन निमंत्रण द्यायचं आणि पहिल्या रांगेत मानानं बसवायचं. एका गटानं हे मानलं. दुसऱ्या गटाची प्रमुख मंडळी आली नाहीत. त्यांची मुलं मात्र मागच्या खुर्च्यांवर होती.

बोलणाऱ्यांची यादी चौदा जणांची झाली होती. ती पाचावर आणली, प्रत्येकाला पाच मिनिटं. माझ्या मते कुठल्याही सेवागौरवात सगळ्यांत जास्त रोष इथंच पत्करावा लागतो आणि तो पत्करावाच.

काय घडलं

1 मेच्या सकाळी सरांनी झेंडा फडकवला. सातवीच्या वर्गानं मिळून एकच कागद दिला, त्यावर प्रत्येकानं सरांकडून शिकलेलं एक गणित लिहिलं होतं. सरांनी तो उभ्या उभ्या वाचला आणि तिसऱ्या ओळीतली वजाबाकी चुकली आहे, हे त्या मुलाला जवळ बोलावून दाखवलं. मुलं खूश होऊन हसली. आमचे डोळे भरून आले.

माजी विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमाच्या संध्याकाळी मैदान भरलं. हार-तुऱ्यांऐवजी वह्या आणा, असं पत्रिकेतच छापलं होतं, त्या वह्यांचा ढीग व्यासपीठाच्या कडेला लागला. भाषणांत लोकांना धरून ठेवलं ते कोचीनवाल्या माजी विद्यार्थ्यानं. तो दोनदा गणितात नापास होऊन तिसऱ्यांदा पास झाला होता. खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं मार्कलिस्ट काढून त्यानं वाचून दाखवलं, "गणित, 41." दुसरं काही फारसं बोलायला त्याला जमलंच नाही. मानपत्र लांबलचक विशेषणांचं न करता, सरांच्या वह्यांतल्या नोंदींवरून लिहिलं होतं : कोणत्या गावच्या पोराचा फॉर्म कोणत्या साली भरला, कोणती गाडी कधीपासून उशिरा सुटू लागली. ऐकताना माणसं आपापली नोंद ओळखत होती. काकूंचा सत्कार शिपाई मामांच्या पत्नीच्या हस्ते झाला. सर उत्तरादाखल थोडकंच बोलले आणि सात वह्या पर्यवेक्षक बाईंच्या हातात दिल्या. त्यानंतर मसालेभात, वांग्याची भाजी आणि बुंदी.

31 मे रोजी जनरल रजिस्टर (विद्यार्थ्यांच्या प्रवेशाची नोंदवही), कॅशबुक, डेड स्टॉक (शाळेच्या सामानाची नोंद), शालार्थ या ऑनलाइन पगारप्रणालीची माहिती, किल्ल्या असं एकेक तपासून कार्यभार दिला गेला. सेवाज्येष्ठतेनं पर्यवेक्षक बाईच मुख्याध्यापक झाल्या. निवृत्तिवेतनाचा आदेश त्याआधीच आला होता आणि जूनचं निवृत्तिवेतन वेळेत जमा झालं.

पुन्हा करायचं झालं तर

मैदान भरलं होतं, पण बायका कमी होत्या. ज्या मुलींसाठी सर स्टँडवर उभे राहिले, त्यातल्या बोटांवर मोजण्याइतक्याच आल्या. कारण साधं होतं. माजी विद्यार्थ्यांचे सगळे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मुलग्यांचे. मुली लग्न होऊन सासरी गेल्या, आडनावं बदलली, नंबर कुणाकडं नाहीत. तारीखही गलाईवाल्यांच्या सोयीनं ठरली. मेमध्ये सासरच्या घरात लग्नकार्य असताना सून दुपारची निघून कशी येणार? ही या कार्यक्रमातली मोठी उणीव आहे आणि ती टाळता आली असती. जनरल रजिस्टरवरून मुलींची यादी वर्षभर आधी काढायला हवी होती. माहेरच्या घरी जाऊन नंबर मिळतात, त्याला कष्ट पडतात इतकंच. आणि नागपंचमी किंवा भाऊबीजेला माहेरवाशिणी गावात असताना त्यांच्यासाठी वेगळा मेळावा ठेवता आला असता.

दुसरं, निधीचे नियम आधी लिहायला हवे होते. पैसे जमल्यावर प्रश्न आले : परगावी राहणारं पण मूळ गावचं पोरगं चालेल का, नापास झाल्यावर दुसऱ्यांदा मदत द्यायची का, निवड कोण करणार. हे ठरेपर्यंत त्या वर्षीची फॉर्मची मुदत तोंडावर आली आणि धावपळ झाली. सरांनी वर्षानुवर्षं जे एकट्यानं, मनात ठेवून केलं, ते समितीला करायचं तर कागदावरच यावं लागतं.

तिसरं, रुसलेल्या गटाकडं कार्यक्रमानंतर लगेच जायला हवं होतं. आम्ही महिनाभर थांबलो, तेवढ्यात गैरसमज घट्ट झाला. सर स्वतः एका संध्याकाळी त्यांच्याकडं जाऊन चहा पिऊन आले, तेव्हा विषय मिटला.

चौदातल्या ज्या नऊ जणांना बोलायला मिळालं नाही, त्यांच्याकडून आधीच लेखी आठवणी घेऊन ठेवल्या असत्या तर त्यांचा मान राहिला असता आणि शाळेकडं एक दस्तऐवज झाला असता. ते काम आता चालू आहे.

आठवी वही बाईंनी सुरू केली आहे. यंदा तिच्यात पहिल्यांदाच मुलींची नावं आली, लग्नामुळं नववीतून शाळा सुटलेल्या दोघींची. त्यांचे दाखले काढून फॉर्म भरून झाले आहेत. बाई स्वतः काही वर्षांत निवृत्त होतील, आणि त्यांची सेवापुस्तिका भाऊसाहेबांनी तपासायला घेतली आहे.